आनंदवनातील वाचनसंकल्प

'संकल्प' हा शब्द काशीत राहणाऱ्या माणसाच्या कानांवर दिवसातून अनेकदा पडतो. घाटावर उपाध्याय यजमानाच्या हातावर पाणी घालतात, संवत्सर, मास, पक्ष आणि तिथी यांचा उच्चार करतात, क्षेत्राचे नाव घेतात, यजमानाचे गोत्र सांगतात आणि कोणत्या फळासाठी हे कर्म आरंभिले आहे ते बोलून पाणी सोडावयास लावतात. म्हणजे संकल्पाला स्थळ लागते, काळ लागतो, कर्ता लागतो आणि हेतू लागतो. यांपैकी एकही अंग मोघम ठेवून चालत नाही. आपण सुशिक्षित माणसे पाडव्याला किंवा इंग्रजी नववर्षाला मनाशी जे संकल्प करतो ते मात्र बहुधा मोघमच असतात, आणि म्हणूनच ते महिनाभरही टिकत नाहीत.

असा एक संकल्प नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींत फार प्रिय आहे, आणि यंदा आम्हीही तो केला आहे. या वर्षी पुष्कळ पुस्तके वाचावयाची, आणि तीही केवळ आनंदासाठी! वाक्य दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु थोडे थांबून पाहिले की त्यातील दोन पदे एकमेकांशी भांडू लागतात. 'पुष्कळ' हे मोजणीचे पद. 'आनंद' हे मोजणीत न सापडणारे. एकाची सोबत धरावी तर दुसरे रुसते. काशीच्या पुराणप्रसिद्ध नावांत 'आनंदवन' हे एक नाव आहे, आणि घाटावरील संकल्पात त्याचाही उच्चार होतो. त्या आनंदवनात बसून 'आनंदासाठी वाचणे' म्हणजे नेमके काय, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. हा प्रश्न दिसतो तितका खाजगी नाही. परप्रांतातील मराठी घरात मराठी पुस्तक पुढील पिढीच्या हाताने उघडले जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

अधिकारी मनुष्य वाचत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. तो इतर कोणाहीपेक्षा अधिक वाचतो. टिपण्या, मसुदे, परिपत्रके, लेखापरीक्षकांचे आक्षेप आणि न्यायालयाचे आदेश यांत त्याचा दिवस जातो. पूर्वी हे सारे लाल फितीने बांधलेल्या कागदांतून येई, आता ते संगणकाच्या पडद्यावरून येते, एवढाच फरक. परंतु या वाचनाची एक रीत आहे, आणि ती वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेत हाडीमासी खिळते. कागद वाचावयाचा तो निकाली काढण्यासाठी. पानावर दृष्टी पडताच 'यात आपणांस काय करावयाचे आहे' हा प्रश्न मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिळाले की उरलेला मजकूर निरर्थक ठरतो. कचेरीत ही रीत आवश्यकच आहे. तीवाचून राज्यकारभार एक दिवस चालणार नाही. दुर्दैव इतकेच की सायंकाळी तीच दृष्टी कादंबरीवर पडते आणि कादंबरीही एक प्रकरण होऊन बसते. तिचा विषय कोणता, सारांश काय आणि शिफारस कशाची, हे हाती लागले की ती मिटावयाची आणि पुढची घ्यावयाची. वर्षाअखेरीस 'चाळीस पुस्तके वाचून झाली' असे सांगणारे गृहस्थ आणि निकाली काढलेल्या प्रकरणांचा मासिक गोषवारा वर पाठविणारे गृहस्थ हे एकच असतात. पहिल्या वाक्यातील 'झाली' हा शब्दच त्यांचे मर्म सांगून जातो.

कचेरीच्या या सवयीच्या जोडीला आणखी दोन कर्तव्ये आपल्या वाचनावर बसलेली आहेत. त्यांतील पहिले पुण्याचे. त्याविषयी काशीत लिहिताना एकनाथांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विस्तृत मराठी टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस याच वाराणसीत पूर्ण झाली. संस्कृत विद्येच्या या माहेरघरी प्राकृतात ग्रंथ रचिला म्हणून पंडितांनी आधी रोष धरिला आणि पुढे त्याच ग्रंथाचा गौरव केला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ज्या ग्रंथाने मराठीला काशीत मान मिळवून दिला, त्याची आज बहुतेक घरांत गाठ पडते ती पारायणात. रोजचे अध्याय ठरलेले, उठण्याची वेळ ठरलेली, समाप्तीचा नैवेद्यही ठरलेला. या नेमाविषयी आमच्या मनात अनादर नाही. त्यानेच कित्येक शतके ग्रंथ जिवंत ठेविला. परंतु तेविसाव्या अध्यायातील अवंतीच्या कृपण ब्राह्मणाचे जे चित्र नाथांनी रंगविले आहे, त्यातील मिस्कील बारकावे वाचून ज्याला हसू आवरत नाही, त्यालाच नाथ भेटले असे आम्ही म्हणू. पारायणाच्या ओघात तेथे थांबण्यास सवड नसते. पुढचा अध्याय वाट पाहत असतो. पुण्य पदरी पडते आणि नाथ मात्र निसटून जातात.

दुसरे कर्तव्य भाषाभिमानाचे. महाराष्ट्रात राहणारा मनुष्य मराठी पुस्तक वाचतो तेव्हा तो केवळ पुस्तक वाचतो. आपण वाराणसीत, भोपाळात किंवा दिल्लीत ते वाचतो तेव्हा जणू मातृभाषेचे ऋण फेडीत असतो. दिवाळी अंक मागविणे, मराठी मंडळाच्या वार्षिक समारंभास जाणे आणि मुलांनी मराठी वाचावे म्हणून त्यांना दटावणे, या सर्वांमागे हीच ऋणबुद्धी असते. ती चांगली आहे. पण तिचा एक परिणाम आपल्या ध्यानी येत नाही. ज्या भाषेत दटावणी ऐकू येते तीपासून मूल दूर पळते. हिंदीत त्याचे मित्र खेळतात, इंग्रजीत त्याचे यश असते आणि मराठीत तेवढे कर्तव्य! तीन भाषांपैकी एकीच्या वाट्याला जर केवळ कर्तव्यच आले, तर ती पहिल्याने गळून पडणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

तेव्हा कचेरी, पुण्य आणि अभिमान या तिन्ही हेतूंहून वेगळा असा आनंद हा हेतू आहे काय, आणि असल्यास त्याची योग्यता किती? आपल्या साहित्यशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली. यश, द्रव्य, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ लाभणारा परमानंद आणि प्रियेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश. या यादीत व्यवहारी माणसाला हवे ते सर्व आहे. परंतु स्वतःच्याच कारिकेचे विवरण करताना मम्मट या सहांतील आनंदाला सर्व प्रयोजनांचा मुकुटमणी ठरवितो. आमच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा आहे तो त्याने योजिलेला 'सद्यः' हा शब्द. हा आनंद तत्काळचा आहे. तो ग्रंथसमाप्तीनंतर मिळावयाचा नाही, पुढील बढतीच्या वेळी उपयोगी पडावयाचा नाही आणि परलोकी जमा व्हावयाचा नाही. ज्या ओळीवर डोळा आहे त्या ओळीवरच तो आहे किंवा नाही. बाकीची सर्व फळे उधारीची. हे एकटेच रोखीचे.

आधुनिक मराठी टीकेने या प्रश्नाचा मोठा खल केला. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद महाराष्ट्रात एक पिढी गाजला. त्यातील तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, हा वाद मुख्यतः लेखकाच्या बाजूने लढला गेला. लेखकाने कशासाठी लिहावे, याविषयी दोन्ही पक्षांनी पुष्कळ सांगितले; पुस्तक हाती घेऊन बसलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न मागे राहिला. वाचक मात्र या वादातून एक वाईट सवय शिकला. पुस्तक मिटताच त्याचा निकाल कोणत्या पक्षाच्या बाजूने द्यावयाचा, याची त्याला घाई होऊ लागली. टीका ही वाचकाला पुस्तकाजवळ नेण्यासाठी असते. ती त्याला निवाड्याच्या खुर्चीवर बसवू लागली, तर वाचनातील आनंदाला पहिला धक्का टीकाच देते, असे खेदाने म्हणावे लागते.

वाचकाच्या बाजूने या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत न. चिं. केळकर यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. १९२१ साली बडोदे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. तिचा भावार्थ असा. योग्याच्या निर्विकल्प समाधीत 'मी'चे भान उरत नाही. वाङ्मयाच्या आस्वादात 'मी' उरतो, आणि तरीही तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. आपण आपल्या खुर्चीवर असतो आणि त्याच वेळी हस्तिनापुरात असतो. एकाच आयुष्यात अनेक आयुष्ये भोगण्याचा हा लाभ हेच वाङ्मयानंदाचे बीज. केळकर हे टिळकांचे सहकारी आणि 'केसरी'चे संपादक, म्हणजे दिवसरात्र व्यवहाराच्या रणधुमाळीत वावरणारे गृहस्थ. अशा पुरुषाने वाचनाच्या सुखाला समाधीचे नाव द्यावे यात विशेष औचित्य आहे. ज्याला दिवसभर एकाच हुद्द्याच्या कातडीत राहावे लागते, त्यालाच दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याचे मोल कळते. बदल्यांवर जगणाऱ्या आमच्या वाचकांस हे अधिक फोड करून सांगावयास नको.

येथे एक आक्षेप हमखास येईल. आनंदासाठी वाचणे म्हणजे हलकेफुलके वाचणे, आणि वेळच घालवावयाचा तर हातातील मोबाइल काय वाईट? याला दोन उत्तरे आहेत. पहिले केळकरांच्या उपपत्तीतच आहे. मोबाइलवरील क्षणाक्षणाच्या चित्रांनी करमणूक होते, पण तेथे आपणांस दुसरे कोणी व्हावे लागत नाही. आपण आपल्या जागी बसून राहतो आणि चित्रे समोरून निघून जातात. पुस्तकात वाचकाला स्वतः जावे लागते, आणि तेवढ्या श्रमाशिवाय तो आनंद मिळत नाही. दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली साप्ताहिक काढले त्याचे नाव ठेविले 'करमणूक'. आणि ज्या कादंबरीने मराठी वाचकाला स्त्रीच्या दुःखाचे दर्शन घडविले, ती 'पण लक्षात कोण घेतो?' याच 'करमणुकी'तून क्रमशः प्रसिद्ध झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली मासिक सुरू केले त्याचे नाव 'मनोरंजन'. आणि १९०९ साली दिवाळी अंकाची जी प्रथा मराठीत रूढ झाली, जिच्या आशेवर परप्रांतातील मराठी माणूस आजही कार्तिक महिना काढतो, ती याच मासिकाने घालून दिली. मराठी वाचकवर्ग ज्या नियतकालिकांनी घडविला त्यांची नावे पाहा! आपल्या पूर्वसूरींना आनंद आणि गांभीर्य यांत वैर दिसले नाही. ते वैर आपण मागाहून लावून दिले.

तत्त्व उदाहरणावर घासून पाहावे. काशीत बसून वाचण्यास विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'इतके योग्य पुस्तक दुसरे सुचत नाही. कुलाब्यातील वरसईचा हा गरीब भिक्षुक, घरचे दारिद्र्य फिटावे म्हणून काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात चांगली दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेतच बंडाने गाठले. पुढे झाशीच्या वेढ्यात तो सापडला, शहराची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली, जीव मुठीत धरून रानोमाळ फिरला, आणि अखेर काशीयात्रा करून गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन घरी परतला. या हकिगतीचे लेखन सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून झाले, आणि वैद्यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली.

हे पुस्तक आपण सामान्यतः कसे वाचतो? सत्तावनच्या बंडाचे एका मराठी माणसाने लिहिलेले साधन म्हणून. म्हणजे राणी लक्ष्मीबाईंची पाने कोणती, ती समकालीन पुराव्याशी जुळतात की नाहीत, तिथी बरोबर आहेत काय, हे पाहावयाचे आणि बाकीचे सोडावयाचे. इतिहाससंशोधकाला हे करावेच लागते. परंतु संशोधक नसलेला वाचकही जेव्हा हीच रीत पत्करतो, तेव्हा तो आपल्या हाताने स्वतःस वंचित करून घेतो. कारण या पुस्तकाचे खरे ऐश्वर्य त्यातील आवाजात आहे. राज्ये कोसळत असताना हा भिक्षुक दक्षिणेचा हिशेब विसरत नाही. भय वाटले तर वाटले म्हणतो. शौर्याचा आव आणीत नाही. भोजन चांगले झाले तर तेही आवर्जून सांगतो. इतिहासाच्या मोठ्या चाकाखाली सापडलेला लहान माणूस आपल्याशी बोलत आहे, आणि बोलताना त्याला आपण लहान आहोत याची लाज वाटत नाही. मम्मटाचे 'सद्यः' येथे पानोपानी प्रत्ययास येते. केळकरांची समाधी येथे लागते, कारण पगारदार, विमा उतरविलेले, सुरक्षित असे आपण काही घटका कर्ज डोक्यावर असलेला वरसईचा विष्णुभट होतो.

आणि मौज अशी की, अशा रीतीने वाचणाऱ्याच्या हाती इतिहासही अधिक लागतो. बंड म्हणजे काय हे सेनापतींच्या अहवालांतून कळते त्याहून ते वाटेतल्या भिक्षुकाच्या धास्तीतून निराळ्या प्रकारे कळते. ज्या वाचकाने केवळ राणीची पाने चाळली त्याला शेवटची कावड अनावश्यक वाटेल. ज्याने विष्णुभटाच्या मागोमाग सारी वाट तुडविली, त्याला मात्र आईबापांसाठी वाहून नेलेल्या त्या गंगेच्या पाण्याचे वजन खांद्यावर जाणवेल. त्या प्रवासाचा आरंभ दक्षिणेच्या आशेने झाला होता आणि शेवट या पाण्याने झाला. पुस्तकाचा सारा अर्थ या दोहोंच्या मधल्या अंतरात आहे. तो सारांशात येत नाही. वैद्यांच्या आवृत्तीत संपादकाचा हात पुष्कळ ठिकाणी फिरला होता. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून ग्रंथ संपादिला. त्या मूळ बोलीची गोडी ज्याला लागली त्याने दोन्ही आवृत्त्या जवळ ठेवाव्यात. पण त्याही अभ्यास म्हणून नव्हे, एकाच माणसाची गोष्ट दोनदा ऐकण्याची हौस म्हणून.

वाचनाचा आनंद हा मनाचा धर्म खरा; तथापि त्याला जागा लागते आणि पुस्तक हाताशी असावे लागते. या बाबतीत काशीने मराठी माणसाकडून जे घेतले आहे त्याचा इतिहास आमच्या वाचकांपैकी सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम एका मराठी घरातील खाजगी पुस्तकांत आहे. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव प्रा. पां. का. तेलंग यांनी दिलेल्या संग्रहातून हे ग्रंथालय १९१७ साली कमच्छा येथील सेंट्रल हिंदू कॉलेजात सुरू झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या उदार देणगीतून, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रंथालयाच्या धर्तीवर भव्य वास्तू उभी राहिली, आणि १९४१ साली ग्रंथसंग्रह तेथे हलविण्यात आला. आज ते सयाजीराव गायकवाड ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. बीज एका मराठी न्यायाधीशाच्या घरातले, छत्र एका मराठी संस्थानिकाचे, आणि छाया मात्र साऱ्या भारतातील विद्यार्थ्यांस!

तेलंगांचे चरित्र आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावे असे आहे. १८५० साली जन्मलेले हे गृहस्थ १८९३ साली, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. एवढ्या अवधीत नामांकित वकिली, मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. भगवद्गीतेचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८८२ साली मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत निघाला. त्याच माणसाने लेसिंग या जर्मन नाटककाराचे 'नॅथन' हे नाटक मराठीत आणले. कोणत्याही पक्षकाराने ते मागितले नव्हते आणि कोणत्याही खटल्यात ते पुरावा म्हणून दाखल व्हावयाचे नव्हते. गीतेच्या भाषांतराला विद्वत्तेचे कारण तरी देता येईल. दूरच्या देशातील, परक्या धर्मांच्या माणसांचे नाटक आपल्या भाषेत आणण्यामागे ते मनापासून आवडले असल्याखेरीज दुसरे कारण शोधणे आम्हांस कठीण वाटते. 'कामातून सवड नाही' असे म्हणताना निदान हे एक नाव आठवावे.

याच ग्रंथालयाचा कारभार १९४५ ते १९४७ या काळात ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांच्याकडे होता. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांचा आशय आता सर्वत्र ज्ञात आहे: ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे, आणि ग्रंथालय हे वाढते शरीर आहे. यांतील दुसऱ्या सूत्रातील 'त्याचा' या शब्दाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. वाचकाच्या हुद्द्याला शोभणारा किंवा त्याच्या प्रतिष्ठेला साजणारा नव्हे, त्याचा ग्रंथ. तो शोधून देण्यास ग्रंथपाल साहाय्य करील, पण 'हा माझा' अशी ओळख पटण्याचे काम वाचकाचेच आहे, आणि ती ओळख आनंदाखेरीज दुसऱ्या कशाने पटत नाही.

आता मूळ संकल्पाकडे वळू. घाटावरील संकल्पाची अंगे आपल्या संकल्पालाही लावून पाहावीत. स्थळ असे की, घरातील एक कोपरा ज्यात कचेरीचा कागद यावयाचा नाही. बदलीच्या गावी सामान उतरले की भांड्यांच्या आधी जरी नाही, तरी भांड्यांच्या पाठोपाठ पुस्तकांची पेटी उघडावी. ती सर्वांत शेवटी उघडावयाची ठरली की पुढील बदलीपर्यंत उघडत नाही, हा आमच्या साऱ्यांचाच अनुभव असेल. काळ असा की, थोडा पण रोजचा. रात्रीच्या जेवणानंतरची अर्धी घटका सांभाळली तरी वर्षाचे पुष्कळ होते. कर्ता असा की, ज्याचे गोत्र आहे पण हुद्दा नाही. वाचताना साहेब, अभियंता किंवा प्राध्यापक असण्याचे कारण नाही. आणि फळ एकच, आनंद. त्याच्या जोडीस दुसरे कोणतेही फळ उच्चारू नये. ज्ञान वाढेल, भाषा सुधारेल, मुलांवर संस्कार होतील, ही सर्व फळे येतील तर येवोत. संकल्पात त्यांचे नाव नको. त्यांचे नाव घेतले की वाचन पुन्हा कर्तव्याच्या दावणीला बांधले जाते.

यातून काही गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. पुस्तकांची संख्या मोजावयाची नाही. न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडण्याचा अधिकार वाचकाला आहे; तो बजावताना कोणापुढे कारणे मांडावयाची नाहीत, मग त्या पुस्तकाला कोणताही पुरस्कार मिळालेला असो. आवडलेले पुस्तक दुसऱ्यांदा वाचण्याचा अधिकारही आहे, आणि 'पुष्कळ' वाचण्याच्या हव्यासात तो आपण विनाकारण गमावून बसतो. ज्याने 'माझा प्रवास' तीनदा वाचले त्याने तीन पुस्तके वाचली असे आम्ही समजतो.

मुलांविषयी एवढेच सांगावयाचे की, त्यांना आनंदाचा उपदेश करता येत नाही, तो दिसावा लागतो. चिं. वि. जोशी बडोद्यास पाली भाषा शिकवीत आणि पुढे संस्थानाच्या दप्तरखान्याचा कारभार पाहत. म्हणजे तेही आपल्यासारखेच, मराठी मुलुखाबाहेर नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी निर्मिलेल्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या गोष्टी अशा आहेत की एकट्याने वाचतानाही मोठ्याने हसू फुटते. अशी एखादी गोष्ट वाचीत असता बाप एकटाच हसला, आणि शेजारच्या खोलीतून मुलगी 'बाबा, काय झाले?' असे विचारीत आली, तर तिला मराठीचे महत्त्व सांगत बसू नये. पुस्तक तिच्या हाती द्यावे, आणि ती अडेल त्या शब्दापुरते तिच्या शेजारी बसावे.